गिअरच्या मुठीला खोबरेल? जरा थांबा

‘गिअर नॉबचं चामडं झिजलं तर रात्री खोबरेल चोळा, सकाळी नव्यासारखं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तेलाने रंग गडद होतो, भेगा बुजल्यासारख्या दिसतात, म्हणून तो पटतोही.

पण गाडीतल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक असा लेप असतो. आधी झिजतो तो हा लेप. तो शाबूत असेल तिथे तेल आत जात नाही, नुसतं हाताला लागतं. गेलेला असेल तिथे मुरतं, डाग धरतं आणि पुढे नवा रंग चिकटू देत नाही. त्यात गोव्याचा पावसाळा! बंद गाडीत दमट, तेलकट चामड्यावर बुरशी यायला वेळ लागत नाही.

स्वतः तपासा. झिजल्या जागी पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभर तसाच राहिला तर लेप आहे, ओल्या फडक्याने पुसणं पुरे. जिरून जागा काळवंडली तर लेप गेला. पापुद्र्यांखाली कापड दिसलं तर ते रेक्झिन, मूठच बदला.

खऱ्या चामड्याचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, चामड्याच्या रंगाचे ३-४ पातळ हात स्पंजने द्या, शेवटी मॅट लेप. जाड हात दिला की तडकतो. २४ तास वाळू द्या.

बदलताना मूठ वर ओढू नका. बऱ्याच मुठी आट्यांच्या असतात, काहींना खाली क्लिप असते. आट्यांचं माप घेऊनच नवी आणा. रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल तर तशीच मूठ लागेल.