धोतरा, गोवा पावडर आणि फार्माकॉलॉजीचा जन्म

एकोणिसाव्या शतकात मुंबईपासून लंडनपर्यंत ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळट भुकटी विकली जायची. गजकर्णावर रामबाण अशी तिची ख्याती. गंमत म्हणजे ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून ती निघे आणि पोर्तुगीज जहाजांतून इकडे येई. १८७६ च्या सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने गजकर्ण समजून ती लावली. निघाला सोरायसिस, आणि तोच ओसरला! पुढे रसायनज्ञांनी भुकटीतला गुणकारी अंश शोधला आणि १९१६ मध्ये त्याच्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झालं. कपड्यांवर न निघणारे डाग पाडणारं हे औषध त्वचारोगतज्ज्ञ पुढे कित्येक दशकं लिहून देत राहिले.

एखादं औषध लागू पडतं हे माणसाला फार लवकर कळतं. ते शरीरात नेमकं कुठे जाऊन काय करतं, किती दिलं तर पुरे आणि किती दिलं तर घात, हे कळायला मात्र शतकं जातात. या दुसऱ्या प्रश्नांचं शास्त्र म्हणजे फार्माकॉलॉजी. औषध बनवण्याची विद्या ती फार्मसी. या दोन्हींत आपल्याकडे सर्रास गल्लत होते.

गोव्याचा मान पहिल्या प्रकारच्या ज्ञानात मोठा आहे. पणजीत चर्चजवळच्या बागेला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये पोर्तुगालहून गोव्यात आला. पेशाने वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं, आणि १५६३ मध्ये त्याने गोव्यातच एक पोर्तुगीज पुस्तक छापलं, हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधांविषयीच्या संवादांचं. रुआनो नावाचा पुस्तकी पंडित प्रश्न विचारतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेलं सांगतो, असा त्याचा थाट. ग्रीक-रोमन आचार्यांनी काय लिहिलंय याची रुआनोला भारी काळजी. ओर्ताचं म्हणणं, मी इथे राहतो, मी पाहिलंय. चार वर्षांत त्याचा लॅटिन गोषवारा अँटवर्पहून निघाला आणि युरोपभर पोचला. ओर्ताचं कुळ ज्यू. तो १५६८ मध्ये वारला, पण इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

या पुस्तकात धोतऱ्यावरही एक संवाद आहे. चोर जेवणातून धोतरा घालतात, खाणारा भान हरपतो, काहीही विचारलं तरी हसत सुटतो, आणि तेवढ्यात दागिने लंपास होतात. निरीक्षण चोख आहे. पण धोतऱ्याने माणूस का हसतो, तोंडाला कोरड का पडते, बाहुल्या का विस्फारतात, याचं उत्तर ओर्ताकडे नव्हतं. त्या काळी कुणाकडेच नव्हतं.

पहिली अडचण वजनाची होती. झाडपाल्यात गुणकारी अंश किती, हे जमीन, ऋतू आणि वाळवण्यावर ठरतं. दोन पुड्या सारख्या नसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किराइताच्या काड्या घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ही अडचण फोडली जर्मनीतल्या एका औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने. फ्रीडरिक झेर्ट्युर्नरने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं आणि पुढे ते स्वतःवर व तीन तरुणांवर आजमावलं: अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, थोड्या वेळाने पुन्हा अर्धा, मग आणखी अर्धा. सगळ्यांचीच अवस्था वाईट झाली आणि शेवटी व्हिनेगर पिऊन ओकाऱ्या काढाव्या लागल्या. आज अशा प्रयोगाला कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही. पण औषध आता तराजूत बसलं होतं. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन काढलं. विद्यापीठीय पातळीवर या विषयाला घर मिळालं ते १८४७ मध्ये, आजच्या एस्टोनियातल्या टार्टूत. घर म्हणजे खरोखरच घर, कारण रुडॉल्फ बुखहाइमची प्रयोगशाळा आधी त्याच्या तळघरात होती.

धोतऱ्याचं कोडं सुटलं ते लाळेवरून. धोतऱ्यात अॅट्रोपिन आणि हायोसिन ही द्रव्यं असतात. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १८७८ मध्ये मांजरांवर पाहिलं की पायलोकार्पिन दिलं की लाळ सुटते आणि अॅट्रोपिन दिलं की थांबते. पायलोकार्पिन आणखी वाढवलं तर पुन्हा सुटते. म्हणजे दोन्ही द्रव्यं पेशीतल्या एकाच कशासाठी तरी झगडत असली पाहिजेत. १९०५ मध्ये त्यांनी त्याला ‘ग्रहण करणारं द्रव्य’ म्हटलं, आणि तोच आजचा रिसेप्टर. त्यात बसून त्याला कामाला लावणारी काही औषधं असतात, तर काही नुसती जागा अडवून बसतात. अॅट्रोपिन दुसऱ्या जातीचं. म्हणूनच शेतात फवारायचं ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला, ज्याच्या तोंडातून लाळ आणि फेस वाहत असतो, डॉक्टर अॅट्रोपिनच देतात. चोराचा धोतरा आणि इस्पितळातलं इंजेक्शन यांत फरक मात्रेचा आणि प्रसंगाचा. मात्राच विष ठरवते, हे पॅरासेल्सस या स्विस वैद्याने ओर्ताच्याच काळात म्हणून ठेवलं होतं.

हे झालं औषध शरीराला काय करतं ते. शरीर औषधाला काय करतं, ही दुसरी बाजू. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी आतड्यातून रक्तात जाते, यकृत तिचं रूपांतर करतं, मूत्रपिंडं बाहेर टाकतात. दोन-तीन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून ती दिवसातून पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. प्रौढांनी दिवसाला ४ ग्रॅम ओलांडू नयेत, कारण त्यापुढे यकृताची निपटण्याची ताकद संपत जाते आणि एक विषारी उपपदार्थ साचतो. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, हे लोक हमखास विसरतात.

तिसरी बाजू मनाची, आणि ती दाखवली कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया या संमोहन करणाऱ्या धर्मगुरूने. पणजीच्या जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो सांगत होता की संमोहनाचा परिणाम चुंबकीय द्रवाने होत नाही, तो त्या व्यक्तीच्या मनातून येतो. नव्या औषधाची तुलना खोट्या गोळीशी का करतात, हे समजायला हा मुद्दा पुरेसा आहे.

हिंदुस्थानात हे शास्त्र रुजवलं ते रामनाथ चोप्रा यांनी, १९२१ पासून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये. बाजारातल्या भेसळीवर त्यांच्या समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि १९४० मध्ये औषध कायदा आला. कायदा असूनही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले आणि चौकशीला लेंटिन आयोग बसला.

गोव्यात १८४२ साली सुरू झालेली वैद्यकीय शाळा आज बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे, आणि वेर्णे, फोंड्याकडच्या औद्योगिक वसाहतींत जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाच्या बरोबरीच्या, गोळ्या बनतात. तिथे वर मांडलेलं सगळं शास्त्र एका कसोटीत येतं: जेनेरिकमधून रक्तात पोचणारं औषध मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्के या पट्ट्यात असलं पाहिजे. गोळीत औषध २० टक्के कमी चालतं असा याचा अर्थ अनेक जण काढतात, तो चुकीचा. पट्टा आहे तो सरासऱ्यांच्या गुणोत्तराच्या विश्वास-मर्यादेचा, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या टप्प्यात असण्याची दाट शक्यता असते त्याचा. ती आख्खी मर्यादा त्यात बसायची तर प्रत्यक्ष फरक बराच लहान असावा लागतो.