चित्रकला येत नसली तरी

१९३८ साली इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये एड्रियन हिल नावाचा चित्रकार क्षयाने अंथरुणाला खिळला होता. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस खाणं आणि महिनोन्‌महिने विश्रांती, हेच उपचार. पडल्या पडल्या हिल समोर दिसेल ते रेखाटू लागला. पुढे त्याने इतर रुग्णांच्या आणि जखमी सैनिकांच्याही हाती पेन्सिल दिली आणि १९४२ मध्ये या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव मिळालं.

चित्र काढून क्षयाचे जंतू मरत नाहीत, हे उघड आहे. मग शरीरात होतं काय?

भीती आणि ताण वाढला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. हे संप्रेरक सतत वाढलेलं राहिलं, तर प्रतिकारशक्ती मंदावते, जखम भरायला उशीर लागतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३९ जणांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, कागदाचे तुकडे दिले. काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आधी आणि नंतर लाळ तपासली, तर सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल उतरलेलं होतं. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: चित्रकलेचा सराव असण्या-नसण्याने यात फरक पडला नाही. ‘मला साधी रेघही सरळ मारता येत नाही’ म्हणणाऱ्यालाही तितकाच गुण! अर्थात प्रयोग छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. कॉर्टिसॉल दिवसभरात आपोआपही उतरतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

नुसतं चित्र पाहूनही फरक पडतो, पण कुठलंही चित्र चालत नाही. स्वीडनमधल्या उप्साला इथे संशोधक रॉजर उलरिच यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रं लावली. झाडं आणि पाण्याचं मोकळं दृश्य पाहणाऱ्यांची घालमेल कमी राहिली. काटकोनी आकारांचं अमूर्त चित्र वाट्याला आलेले मात्र चित्रच नसलेल्यांपेक्षाही जास्त अस्वस्थ झाले.

आपल्याकडे दवाखान्यात नंबर लागेपर्यंत समोर काय असतं? सडलेलं फुप्फुस, तुंबलेली रक्तवाहिनी दाखवणारे तक्ते. ओळखीच्या डॉक्टरांना मी सांगत असते, ते तक्ते तपासणीच्या खोलीत न्या आणि बाहेरच्या भिंतीवर एखादी नदी लावा.