कुत्र्याचं बी ऑपरेशन असतंय का? मराठवाड्यातल्या छोट्या प्राण्यांच्या सर्जरीची पार्श्वभूमी

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आठ-नऊ दिवस राहिले होते. रात्री साडेनऊला दोघं जण मोटरसायकलवर आले, मधी पोतं, पोत्यात कारवानी जातीचं पळणारं कुत्रं. उसात रानडुकरानं फाडलेलं. पोत्याची गाठ सोडली तर डाव्या कुशीला वीतभर फाटलेलं आणि आतडीचा एक वेढा बाहेर, त्याला पाचट चिकटलेलं. सोबत एक आजोबा मागून ऑटोनं आले, त्यांनी टेबलाकडं बघितलं, भूल द्यायची तयारी बघितली आणि विचारलं, "डॉक्टर, कुत्र्याचं बी ऑपरेशन असतंय का ओ?"

त्यांचा प्रश्न भाबडा नव्हता. त्यांच्या उभ्या हयातीत त्यांनी गाय आडली तर वासरू काढताना बघितलं, बैलाचं कॅन्सर झालेलं शिंग कापताना बघितलं, म्हशीच्या पोटातून तार काढताना बघितलं, पण कुत्र्यावर कुणी सुरी चालवून ते परत उभं राहिलेलं बघितलंच नव्हतं. असं का झालं हे मला स्वतःलाही कॉलेजात कुणी नीट सांगितलं नव्हतं, नंतर वाचत-विचारत गेलो तेव्हा थोडं थोडं जुळलं, ते इथं लिहितोय.

मुळात जनावरांची डॉक्टरकी कुत्र्या-मांजरांसाठी सुरू झालीच नाही. फ्रान्समधे लियाँला १७६१ ला क्लोद बुर्जला यांनी पहिलं पशुवैद्यक विद्यालय काढलं, ते घोडे आणि बुळकांडीच्या साथीनं पटापट मरणाऱ्या गुरांसाठी. आपल्याकडं जुन्या काळच्या शालिहोत्र ऋषींची परंपरा घोड्याची, पालकाप्य ऋषींची हत्तीची. जनावराच्या डॉक्टरला जुनी माणसं सालोत्री म्हणायची, तो शब्द शालिहोत्रावरूनच आलाय. इंग्रजांनी १८६२ ला पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा काढली ती पलटणीच्या घोड्यांसाठी, आणि १८८६ ला परळला मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज निघालं, शेजारी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल. थोडक्यात रांग अशी होती, आधी पलटणीचा घोडा, मग शेतातला बैल, मग दूध देणारी गाय, आणि सगळ्यात मागं दारातलं कुत्रं. मांजर तर रांगेत नव्हतंच.

मराठवाडा तेव्हा निजामाकडं. आणि इथं मला सापडलेली सगळ्यात भारी (आणि जराशी वाईट वाटायला लावणारी) गोष्ट येते. निजामाच्या राज्यात कुत्र्यांना भूल दिली गेली, एकदोन नाही तर शेकडो कुत्र्यांना, पण ती त्यांना बरं करायला नाही. झालं असं की १८४६ ला बोस्टनमधे ईथरनं आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधे क्लोरोफॉर्मनं भूल देऊन ऑपरेशन करता येतं हे जगाला कळलं, पण क्लोरोफॉर्म दिलेले काही पेशंट टेबलावरच अचानक जायचे. भांडण असं की मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन (इंग्रज सरकारचे तिथले डॉक्टर) एडवर्ड लॉरी हे श्वासवाले. निजामानं पैसा दिला आणि १८८८ ला पहिलं, १८८९ ला दुसरं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. दुसऱ्या वेळी तर लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना बोलावलं. गल्लीतली कुत्री धरून आणायची, क्लोरोफॉर्म द्यायचा आणि आधी काय थांबतं ते मोजायचं. निष्कर्ष काढला, श्वासाकडं लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. पुढं १९११ ला गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयच बेताल होऊन थांबू शकतं. म्हणजे लॉरींचा अर्धा निष्कर्ष चुकला. पण भूल दिलेल्या जनावराच्या छातीकडं बघत राहा हे आजही मी पोरांना सांगतो, आणि सांगताना हैदराबादच्या त्या बेवारशी कुत्र्यांची आठवण येतेच.

आता मूळ मुद्दा. गाय उभी राहते, कुत्रं राहत नाही.

हे वाक्य साधं वाटतं पण आमच्या भागातल्या सर्जरीचा सगळा इतिहास ह्यात आहे. गायीला खोड्यात घालायचं, दोर लावायचा, कुशीत लिग्नोकेन टोचून तेवढा भाग बधिर करायचा आणि ती रवंथ करत उभी असताना डाव्या बाजूनं पोट उघडून तार, खिळे, प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर काढायच्या. शिंगाचा कॅन्सर असेल तर डोळ्यामागच्या खोबणीत नस बधिर केली की शिंग कापता येतं. त्यामुळं तालुक्याच्या दवाखान्यात पत्र्याखाली, व्रणोपचारक (मलमपट्टी करणारा कर्मचारी) आणि दोन गडी एवढ्या भांडवलावर मोठी मोठी ऑपरेशनं झाली, चांगली झाली. कुत्र्याचं तसं नाही. ते चावतं, तडफडतं, पोट उघडायचं तर आडवं आणि पूर्ण झोपलेलंच पाहिजे. सुरी, कात्री, टाके सगळ्यांकडं होतेच, नव्हती ती भरवशाची भूल.

परभणीला पशुवैद्यकीय कॉलेज आलं १९७२ ला. हेच दुष्काळाचं साल, चाऱ्यापायी लोक दावणीची जनावरं सोडून देत होते, त्या वेळी कॉलेजनं देवणी, लाल कंधारी गुरं, उस्मानाबादी शेळी सोडून लॅब्राडोरचा विचार करावा अशी अपेक्षा करणंच चूक. उदगीरचं कॉलेज १९८७ चं, आणि २००० ला नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ झालं तसं दोन्ही त्याच्याकडं गेली. आमच्या बॅचला सर्जरीचं बहुतेक सगळं प्रॅक्टिकल मोठ्या जनावरावर, कुत्रं आलं तर सगळी बॅच बघायला गोळा व्हायची.

भुलीचं गणित बदललं ते दोन औषधांनी आणि गंमत म्हणजे दोन्हीचं साल १९६२. झायलाझिन बायर कंपनीत तयार झालं, माणसाचं बीपी उतरवायला म्हणून, पण माणसाला गुंगीच फार यायला लागली, मग ते जनावरांकडं आलं. केटामाइन अमेरिकेत पार्क-डेव्हिससाठी तयार झालं, १९७० ला माणसात वापरायला परवानगी मिळाली आणि व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांना दिलं गेलं. ह्या दोघांची जोडी जमली आणि महागडं मशीन नसताना, गॅस सिलेंडर नसताना, दोन इंजेक्शनांवर कुत्र्याचं पोट उघडता यायला लागलं. आमच्याकडं ती पोचायला बरीच वर्षं लागली ही गोष्ट वेगळी. झायलाझिनचा एक गुण प्रत्येक डॉक्टरला माहितीय, टोचल्यावर पाचेक मिनिटात कुत्रं ओकतं. मालक शपथेवर सांगतो की सकाळपासून पाणीसुद्धा दिलं नाही, आणि टेबलावर ज्वारीची भाकर आणि वरण बाहेर येतं. मी आता विचारतच नाही, बादली आधीच ठेवतो.

त्या आधी थायोपेंटोन होतं, १९३४ पासून माणसात वापरलेलं, शिरेतून द्यायचं, मिनिटात झोप. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात मात्र त्याला एक मोठी अडचण होती आणि ती म्हणजे आपलंच कारवानी कुत्रं. लांब तोंडाची, बारीक कंबरेची ही पळणारी जात, अंगाला चरबी नावाला. थायोपेंटोन रक्तातून बाकीच्या अंगात मुरलं की कुत्रं जागं होतं, इथं मुरायला जागा कमी, आणि असल्या जातींचं लिव्हरही ते औषध सावकाश फोडतं. त्यामुळं पामेरियन तासाभरात शेपूट हलवतं तिथं कारवानी उठतच नाही. इंटर्नशिपला असताना मी एका दवाखान्यात (नाव कशाला) असंच एक कुत्रं झोपवलं, पायात घुसलेली काच काढायची होती फक्त, दहा मिनिटाचं काम. सकाळी अकराला झोपलेलं कुत्रं संध्याकाळी साडेपाचला मान उचललं. तोवर मालकाच्या आईनं अंगणात खड्डा खणायला सांगितला होता. चूक माझी, हिशोब पामेरियनचा लावला होता. नंतर प्रोपोफॉल आलं, दुधासारखं पांढरं, ते अशा कुत्र्यांना पुष्कळ बरं.

हाडांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथं उलटा प्रवास झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेतले ऑटो स्टेडर नावाचे जनावरांचे डॉक्टर, त्यांनी कुत्र्याच्या मोडलेल्या पायासाठी बाहेरून पिना आणि दांडा बसवायची पद्धत काढली, प्लास्टर नको म्हणून, कारण कुत्रं प्लास्टर कुरतडतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नेव्हीनं तीच पद्धत जखमी खलाशांना वापरली. आम्ही मात्र अजून माणसांकडून उसनं घेतो. हाडाच्या डॉक्टर मित्राकडून हाताच्या बोटांसाठीच्या छोट्या प्लेटा, मॅटर्निटी होमनं काढून टाकलेला ऑपरेशन थिएटरचा दिवा, मांजराच्या घशात घालायला नवजात बाळाची श्वासाची नळी. एक्स-रे तर कित्येक वर्षं रात्री नऊनंतर माणसांच्या सेंटरला काढले, पेशंट गेल्यावर, मागच्या दारानं. आता डिजिटल एक्स-रे, सोनोग्राफी, आयसोफ्लुरेनचं (भुलीच्या गॅसचं) मशीन संभाजीनगर-लातूरकडं दिसायला लागलंय, तरी किचकट हाड असलं तर पुणे नाहीतर हैदराबाद सांगावं लागतं.

हात कशानं बसले पण? माझं मत स्पष्ट आहे, पाळीव कुत्र्यांनी नाही, गल्लीतल्या कुत्र्यांनी बसवले. २००१ ला श्वान प्रजनन नियंत्रणाचे नियम आले, २०२३ ला त्यांच्या जागी नवे आले, गाभा तोच, कुत्रं मारायचं नाही, धरायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला व्ही आकाराचा काप द्यायचा आणि जिथून आणलं तिथं सोडायचं. ह्या कामात एकेका पोरानं शेकड्यानं गर्भपिशव्या काढल्या. गल्लीतल्या कुत्रीला टाका शक्यतो कुशीतून घालतात, मधोमध पोटावर नाही, त्यामागं साधा विचार आहे, टाका सुटला तरी सगळ्या आतड्यांचा भार त्या फटीवर येत नाही आणि जखम लांबून, हात न लावता दिसते. घरच्या कुत्रीला मात्र बहुतेक जण मधोमधच उघडतात, दोन्ही अंडाशयं नीट हाताला लागतात. कॅम्प सगळेच चांगले झाले असं नाही, दुसऱ्याच दिवशी पिंजरे रिकामे करून कुत्री सोडलेली मी बघितलीत आणि त्यातली दोन आसडी (अळ्या) पडलेली जखम घेऊन माझ्याकडंच आली. (आसडीवर आमच्याकडं सीताफळाचा पाला वाटून भरतात. अळ्या पडतात बाहेर, खोटं नाही, पण टाक्याच्या जखमेत तो लगदा भरू नका बाबांनो, मला तासभर धुवावं लागतं.)

ह्या नसबंदीच्या हातांचा फायदा मग घरच्या कुत्र्यांना झाला. आठ-नऊ वर्षांची कुत्री, माज येऊन महिना-दीड महिना झालेला, खूप पाणी पिते, जेवत नाही, मागून घाण वासाचा स्राव, म्हणजे गर्भपिशवीत पू. पूर्वी अशी कुत्री सलाईनवर आठवडा काढून जायची, आता त्याच दिवशी पिशवी काढतो, बहुतेक वाचतात. एक जुना आजार मात्र सुरीच्या हातून सुटला, मागच्या जागेवर फुलकोबीसारखी वाढणारी, संगातून पसरणारी गाठ. रशियात १८७६ ला नोविन्स्की यांनी ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती, कॅन्सर असा लावता येतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आम्ही ती कापायचो आणि ती परत यायची. आता आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिनचं (कॅन्सरवरचं औषध) इंजेक्शन, चार-सहा आठवडे, गाठ विरघळून जाते.

मांजरं आली ती अगदी अलीकडं, कोविडनंतर तर घराघरात पर्शियन. त्यांच्याबाबत एकच सांगतो, ऑपरेशननंतर दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल अर्धीसुद्धा देऊ नका, मांजराचं लिव्हर ते पचवत नाही, रक्त चॉकलेटसारखं होतं आणि मांजर जातं. टाके चांगले, भूल चांगली, आणि गोळीनं मेलेली मांजरं मी तीन बघितलीत.

तर ते कारवानी. झायलाझिन कमी, केटामाइन बेतानं, आतड्याचा वेढा कोमट सलाईननं धुतला, पाचटाचा एकेक तुकडा चिमट्यानं काढला, आतडं कुठं फुटलंय का बोटाबोटानं बघितलं, नव्हतं फुटलं, नशीब. मग आत ढकलून तीन थरात टाके, आतले विरघळणारे, वरचे नायलॉन. मधी लाईट गेली दहा मिनिटं, आजोबांनी मोबाईलचा टॉर्च धरला आणि हात अजिबात हलू दिला नाही. ह्या जातीची कातडी कागदासारखी, टाका जरा ओढला की फाटते, त्यामुळं घाई चालत नाही. सव्वा तास गेला. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घाला म्हणालो, ती दुकानात मिळाली नाही.

अकराव्या दिवशी टाके काढायला आले तर गळ्यात रंगाची बादली, बुड कापून घातलेली, आत तोंड खुपसून कुत्रं माझ्याकडं बघतंय. टाके कोरडे, सूज नाही. यात्रा चालू होती. मी म्हणालो, श्वान प्रदर्शनात उतरवू नका यंदा, पळवायचं तर नाहीच. आजोबा म्हणाले, "नाही ओ, नुसतं देवाला दाखवून आणतो," आणि बादलीसकट त्याला मधी घेऊन तिघं माळेगावच्या रस्त्याला लागले.