आधी बारीक दोरी

मिरग लागून आठवडा झाला होता. वेंगुर्ल्याच्या घरी पडवीतल्या टेबलावर काकांचा जुना ४८६ संगणक झाकण काढून ठेवला होता. काजूबीच्या खरेदीचा वीस वर्षांचा हिशेब डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये होता, आणि मे महिन्यात त्याची हार्ड डिस्क कायमची बसली. हिशेबाच्या फ्लॉप्या मात्र शाबूत होत्या. दुरुस्तीवाल्याकडून तेवढ्याच वयाची दुसरी हार्ड डिस्क मिळाली, पण कोरी. म्हणजे एमएस-डॉस ६.२२ पहिल्यापासून घालायचं. तीन फ्लॉप्या.

काकी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यां मशीन अजून चालता काय रे?"

चालत होतं. फक्त त्याला काहीच येत नव्हतं.

मला यातलं कोडं लहानपणापासून आवडतं. फ्लॉपी वाचायला प्रोग्रॅम लागतो आणि तो प्रोग्रॅम तर फ्लॉपीवरच आहे. पेटीची किल्ली पेटीतच. मग सुरुवात होते कुठून? बंदरावर बोट लागताना पाहिली असेल तर उत्तर सोपं आहे. जाड दोर धक्क्यापर्यंत फेकता येत नाही. आधी बारीक दोरी फेकतात आणि तिला बांधलेला जाड दोर ओढून घेतात. संगणकातली बारीक दोरी म्हणजे बायोस, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम. त्याला डॉस ठाऊक नसतं, फाइल म्हणजे काय तेही ठाऊक नसतं. फ्लॉपीच्या पहिल्या ट्रॅकवरचा (ट्रॅक म्हणजे चकतीवरची गोल वाट) पहिला सेक्टर, म्हणजे त्या वाटेचा एक तुकडा, वाचायचा, त्यातले ५१२ बाइट मेमरीत ३१,७४४ या क्रमांकाच्या जागी ठेवायचे आणि कारभार त्यांच्या हाती सोपवायचा, एवढंच तो करतो. त्या ५१२ बाइटांनाही एकच काम येतं: आयओ.एसवायएस नावाची फाइल शोधून आत आणणं. ती एमएसडॉस.एसवायएसला आणते, मग कमांड.कॉम येतं, आणि ते आलं की आपण लिहिलेला शब्द संगणकाला कळू लागतो. प्रत्येकाला पुढच्याला ओढून आणण्यापुरतंच ज्ञान. आजचे संगणकही पायरी-पायरीनेच जागे होतात, पण इतक्या झटपट की काही दिसत नाही. फ्लॉपीवर प्रत्येक पायरी ऐकू येते.

तो आवाज कसला? साडेतीन इंची फ्लॉपीच्या टणक कव्हरात प्लॅस्टिकची एक लवचीक चकती असते, तिच्यावर चुंबकीय कणांचा पातळ लेप. ती मिनिटाला ३०० फेरे घेते. प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, एका ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. दोन्ही बाजू धरून गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट भरतात. याच आकड्याला १.४४ एमबी म्हणायची पद्धत पडली, आणि तो हिशेब तसा भेसळीचाच: एकदा १०२४ने भागायचं, एकदा १०००ने. शेजारच्या दोन ट्रॅकमधलं अंतर मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असतं. वाचणारा हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा 'टक' होतं. पुष्कळ उड्या लागोपाठ आल्या की 'खर्र'.

हार्ड डिस्कचा हेड चकतीवर तरंगतो. फ्लॉपीचा हेड मात्र चकतीला घासून फिरतो, आणि कोकणात सगळा त्रास इथेच आहे. पावसाळ्यात इथली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तशी ती फ्लॉपीच्या लेपावरही येते. बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड घाण होतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे काढतो. म्हणून जुनी फ्लॉपी घालण्याआधी तिची धातूची झडप सरकवावी, मधली चकती बोटाने फिरवावी आणि उजेडात पृष्ठभाग पाहावा. पांढुरके ठिपके दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. पूर्ण सुकल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नये.

काकांनी फ्लॉप्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, तळाला शिंपल्यांच्या कळीच्या चुन्याची पुरचुंडी. यात शास्त्र आहे. भाजलेला चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. तो हवेतलं पाणी घेऊन विरतो आणि डबा कोरडा राहतो. पण पुरचुंडी फुटली तर चुन्याची पूड लेप खरवडून काढील, म्हणून मी आता सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या.

तरीही डॉसच्या दुसऱ्या फ्लॉपीवर ठिपके निघालेच. ती पुसून, सुकवून, आधी लॅपटॉपला जोडलेल्या फ्लॉपी ड्राइव्हवर तिची प्रत काढायला घेतली. मध्येच अडली. प्रत्येक सेक्टरच्या मागे १६ बिटांची एक पडताळणी लिहिलेली असते. वाचलेल्या बाइटांवरून तोच आकडा पुन्हा काढतात, जुळला नाही तर सेक्टर वाईट. डॉसमध्ये अशा वेळी 'एबॉर्ट, रिट्राय, फेल?' असा प्रश्न यायचा आणि आम्ही 'आर' दाबत बसायचो. ती नुसती आशा नव्हती. सिग्नल काठावर असेल तर हेड मागे जाऊन पुन्हा त्या ट्रॅकवर आल्यावर किंचित वेगळ्या जागी बसतो आणि वाचन जमून जातं. इथेही तिसऱ्या खेपेला जमलं.

मग खरं काम. मदरबोर्डवरची बॅटरी बदलली, नव्या हार्ड डिस्कची मापं बायोसला सांगितली, पहिल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू केला. डॉस बसवणारा सेटअप आपोआप उघडतो. एफ३ दाबून त्यातून बाहेर पडलो आणि हुकूम लिहायची खूण ए:\> समोर आलं. आधी एफडिस्क, डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्रॅम. हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ६४ बाइटांचा एक तक्ता असतो, १६ बाइटांच्या चार नोंदी. कुठला भाग कुठे सुरू होतो ते त्यात लिहायचं. जमिनीच्या सातबाऱ्यासारखंच. त्यातला एक भाग 'अ‍ॅक्टिव्ह' करायला विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही हार्ड डिस्कवरून डॉस सुरू होणार नाही. हा तक्ता डॉस सुरुवातीलाच वाचतं, म्हणून संगणक पुन्हा चालू करावा लागतो.

त्यानंतर फॉरमॅट सी: /एस. सी: म्हणजे हार्ड डिस्क. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं असा समज आहे. फ्लॉपीवर डॉस खरोखरच नवे ट्रॅक आखू शकतं, पण हार्ड डिस्कवर ते सेक्टर तपासतं आणि फक्त फाइलींची यादी व जागेचा नकाशा नव्याने लिहितं. शेवटच्या 'एस'मुळे आयओ.एसवायएस, एमएसडॉस.एसवायएस आणि कमांड.कॉम या तीन फाइली नव्या डिस्कवर जातात. दोरीचं टोक आता धक्क्यावर बांधलं.

फ्लॉपी काढून संगणक पुन्हा लावला. पडद्यावर मंगळवार, ०१-०१-१९८० अशी तारीख आली. डॉसचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. खाली नवी तारीख विचारली होती. काकांनी पंधरा जून लिहायला १५-०६ टाकलं. 'इनव्हॅलिड डेट'. अमेरिकी पद्धतीत महिना आधी, हे सांगितल्यावर त्यांनी शांतपणे पुन्हा लिहिलं. सी:\> आलं.

पुढचा सेटअप नुसता फ्लॉप्या बदलण्याचा. तीन फ्लॉप्यांत डॉस मावतं ते दाबून भरलेलं असल्यामुळे: फाइलीत तेच तेच पुन्हा येतं तिथे 'मागे अमुक जागी पाहा' एवढीच खूण असते. अशा फाइलीच्या नावात शेवटच्या अक्षराच्या जागी अधोरेषा दिसते, आणि सेटअप तिला उलगडून हार्ड डिस्कवर ठेवतो.

दिवेलागणीला काकांनी हिशेबाच्या फ्लॉप्या उतरवून घेतल्या, फाइलींची यादी मागणारा डीआयआर हा हुकूम लिहिला आणि एंटर दाबलं. काजू९६, काजू९७, काजू९८. यादी वर सरकत होती आणि काका चष्मा वर करून एकेक वर्ष मोठ्याने वाचत होते.