ड्रिफ्टिंगचा खर्च गाडीवर थांबत नाही

ड्रिफ्टिंग म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळवणं. ‘जुनी मागच्या चाकांवर चालणारी बीएमडब्ल्यू घ्या, रात्री पाम बीच रोडवर फुकटात शिका’ हा सल्ला नवी मुंबईत वर्षानुवर्षं फिरतोय. फुकटात? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगला पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास, किंवा दोन्ही. शिवाय समोरून येणाऱ्याचा जीव स्वस्त नसतो.

गाडी ही तर नुसती सुरुवात. साध्या डिफरेन्शियलमध्ये (दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) ताकद कमी पकड असलेल्या चाकातून निसटते, म्हणून ती दोन्ही चाकांना पोचवणारं ‘लिमिटेड स्लिप’ डिफरेन्शियल हवं. मग मागची चाकं झटक्यात अडवणारा हायड्रॉलिक हँडब्रेक, अंग घट्ट धरून ठेवणारी बकेट सीट, इंजिनासाठी कूलिंग. खरा खड्डा मात्र मागच्या टायरांचा: घसरणं म्हणजेच रबर जाळणं, तेव्हा टायर हा महिन्याच्या किराण्यासारखा चालू खर्च धरा. कायमचे रेसिंग ट्रॅक देशात मोजकेच, त्यातले काही चेन्नई, कोइम्बतूरकडे. गाडी तिथे नेण्या-आणण्याचं भाडं वेगळं.