सोलरचं पाणी गरम येत नाही? आम्हाला बोलावण्याआधी हे बघा

थंडी पडली की आमच्याकडे फोन सुरू होतात, "सोलर बिघडला." जाऊन बघावं तर वर टाकीत कढत पाणी आणि खाली बाथरूममध्ये कोमट. आमच्या पोराने येऊन मिक्सरचा (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाचा) कॉक बंद करायचा आणि व्हिजिटचे पैसे घ्यायचे, हे आम्हालाही बरं वाटत नाही.

म्हणून आधी गच्चीवर जा. ऊन चांगलं पडलेल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. खाली कुणालातरी गरम नळ सोडायला सांगा आणि टाकीतून निघणाऱ्या पाइपला ओझरतं बोट लावा. चटका बसला तर सोलर ठणठणीत आहे, घोटाळा खाली आहे.

तो बहुतेक मिक्सरमध्ये असतो. हँड शॉवरचं बटण तोंडाशी बंद केलं, पण गरम-गार दोन्ही कॉक उघडेच राहिले, की गार पाणी गरम लाइनीत घुसतं आणि सगळ्या घराला कोमट मिळतं. कॉक बंद असूनही आतला वॉशर किंवा कार्ट्रिज झिजलं असेल तरी हेच होतं. शोधायचं असं: सगळ्या मिक्सरखालचे गार पाण्याचे अँगल कॉक (पाणी तोडायचे छोटे कॉक) बंद करा आणि एक गरम नळ सोडून ठेवा. गरम पाणी यायला लागलं की अँगल कॉक एकेक करून उघडा. ज्याने पाणी कोमट होईल तोच चोर. (पहिली चार लिटर गारच येणार. पाऊण इंची पाइप पन्नास फूट असेल तर तेवढं पाणी त्यातच उभं असतं.)

गार नळ जोरात आणि गरम नळ नुसता गुरगुरतो, तर लाइनीत हवा अडकली आहे. टाकी एकदा रिकामी झाली की असं होतं. मिक्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरा, आधी गार मग गरम कॉक उघडा. गाराच्या दाबाने हवा वर जाते. दोन-तीनदा करावं लागेल.

व्हेंट पाइपला, म्हणजे सोलरच्या टाकीच्या हवेच्या नळीला, बूच मारू नका. थेंब पडतात म्हणून लोक लाकडाची खुंटी ठोकतात, मग हवा आत येत नाही आणि पाणी उतरताना टाकी आत चेपते.

सगळ्यात महाग चूक मात्र वेगळी. नळाला दोन दिवस पाणी आलं नाही, टाकी कोरडी पडली, उन्हात काचेच्या ट्यूब २०० अंशांच्या वर तापल्या, आणि भर दुपारी मोटर लावली. ट्यूब तडकणारच. टाकी रिकामी असेल तर पहाटे भरा.

ट्यूबच्या टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडला असेल तर तिच्यातली निर्वात पोकळी गेली. तेवढी एकच ट्यूब बदलते, सगळा संच नव्हे. गुऱ्हाळाजवळ राहत असाल तर काजळीही पुसत चला.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे तक्रार करून उपयोग नाही, ढगांवर आमचा ताबा नाही. टाकीत विजेची बॅकअप कॉइल लावा. २ किलोवॅटच्या कॉइलला १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला दीड तास लागतो, म्हणजे तीन युनिट. रात्रभर चालू ठेवू नका.

एवढं करून जमलं नाही तर फोन करा. टाकी किती लिटरची आणि पाणी नळाचं की बोअरचं, हे सांगा. बोअरचं असेल तर क्षार काढायचं सामान पोरगा घेऊनच येईल.