डोंगरपायथ्याचे गाव

डोंगररांगेच्या पायथ्याशी किंवा दरीच्या तोंडाशी वसलेली लहान ग्रामीण वस्ती. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा बाजार, शाळा आणि दवाखाना बहुधा अशाच गावात असतो. वरचा माल खाली आणि खालचा वर जाताना इथेच उतरतो, आणि गाव वाढते ते मुख्यतः या देवाणघेवाणीवर.

जागेची निवड पाण्याने केलेली असते. तीव्र उतारावरून येणारी नदी सपाटीला लागताच मंदावते, आणलेला गाळ व गोटे तिथेच टाकते आणि पंखाकृती मैदान तयार होते. ही जमीन सुपीक, पाण्याचा निचरा होणारी. घरांना आणि शेतीला सोयीची. पण ती पुरानेच घडवलेली आहे, आणि नदी या पंख्यावर पूर्वी अनेकदा पात्र बदलून गेलेली असते. नवे घर बांधणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

गावाचा दिवस डोंगर ठरवतो. ऊन चढले की उतार तापतो आणि वारा दरीतून वर वाहतो. रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली येते. हिवाळ्यातल्या निवांत रात्री ती तळाशी साचते, म्हणून सकाळी गावात धुके आणि चुलींचा धूर कोंडलेला, तर वरच्या वस्तीवर लख्ख ऊन, असे दिसते. कुठल्या बाजूचा पायथा, यावर पाऊसही ठरतो : वाऱ्याकडच्या बाजूला भरपूर, पलीकडे पर्जन्यछाया. काही दऱ्यांत तर हिवाळ्यात सूर्यच दिसत नाही. इटलीतील विगानेला या गावाने 2006 मध्ये डोंगरावर 8 मीटर रुंद, 5 मीटर उंच आरसा बसवून चौकात ऊन आणले. नॉर्वेतील र्‍यूकान येथे 2013 मध्ये तसेच तीन आरसे लागले. चौकातल्या थोड्याशा उन्हासाठी माणसे इतकी खटपट करतात, यावरून अशा गावातला हिवाळा कसा असतो ते कळते.

राहणाऱ्यांची खरी अडचण अंतराची. रस्ता अनेकदा एकच असतो. दरड कोसळली की आजारी माणूस अलीकडे आणि मोठे रुग्णालय पलीकडे. शिक्षण आणि नोकरीसाठी तरुण बाहेर पडतात. दुसरीकडे बाहेरचे लोक सुटीपुरती घरे घेतात, जागेचे भाव चढतात आणि वर्षातला बराच काळ त्या घरांना कुलूप असते. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी 2012 मध्ये प्रत्येक नगरपालिका क्षेत्रात अशा घरांचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्याचा कौल दिला. गाव जिवंत ठेवायचे तर असे बंधन योग्यच म्हणावे लागेल.

पाहुण्याने उंचीचा हिशेब ठेवावा. दर 1000 मीटर चढाईला तापमान सरासरी 6.5 अंश सेल्सिअसने उतरते, तेव्हा पायथ्याच्या हवेवरून शिखरावरचे कपडे ठरवू नयेत. दुपारनंतर डोंगरावर ढग जमण्याचा संभव अधिक, म्हणून पहाटे निघून लवकर परतणे बरे. नदीपात्रात बसताना गावावरचे निरभ्र आकाश पाहून निर्धास्त होऊ नये. पाऊस वर पडतो आणि लोंढा खाली येतो. पाणी अचानक गढूळ झाले किंवा काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, तर सामान तिथेच टाकून काठावर उंच जागी जावे.